घरमालकांचं आडनाव नीत्शे: पोलिश सरदार की सॅक्सनीतला कुणी निकोलस?

प्रश्न असा आलाय: नोकरीसाठी लाइपझिगला राहायला आलेलं मराठी जोडपं, घरमालकांचं आडनाव नीत्शे, आणि तेसुद्धा बेलवर अगदी फ्रीडरिश नीत्शे या प्रसिद्ध जर्मन तत्त्वज्ञाच्या स्पेलिंगने लिहिलेलं, एन-आय-ई-टी-झेड-एस-सी-एच-ई. घरमालक आजोबा सांगतात की आम्ही त्याच घराण्यातले आणि मूळचे पोलिश सरदार. तर हे आडनाव जर्मनीत कितपत दुर्मीळ आहे, ते पोलिश आहे का, आणि आजोबांचं म्हणणं किती खरं मानायचं?

मी इकडे लोकांच्या वंशावळी शोधून द्यायचं काम करतो, म्हणजे बराचसा वेळ चर्चच्या जुन्या नोंदवह्या वाचण्यात जातो, आणि सॅक्सनी-थुरिंगिया (लाइपझिग ज्यात आहे ते राज्य आणि त्याच्या शेजारचं) हा माझा नेहमीचा पट्टा असल्यामुळे या आडनावाशी गाठ बऱ्याचदा पडते. माझं मत आधीच सांगून टाकतो. हे नाव दुर्मीळ नाहीये, हे स्पेलिंग दुर्मीळ आहे. नावात स्लाव्ह (पोलिश, चेक, रशियन ज्या भाषागटात येतात तो) अंश आहे पण तो पोलंडहून आलेला नाही, तुम्ही राहताय त्याच मातीतला आहे. आणि आजोबा तत्त्वज्ञाचे वंशज तर नक्कीच नाहीत, लांबचे भाऊबंद असतील तर ते कागदावर दाखवावं लागेल.

आता नीट बघू.

नाव मुळात निकोलस. संत निकोलस हा आशिया मायनरमधल्या मायराचा बिशप, त्याच्या अस्थी १०८७ मध्ये इटलीतल्या बारीला आणल्या आणि तिथून पुढे आल्प्सच्या उत्तरेलाही त्याची भक्ती जोरात पसरली. व्यापारी, नावाडी, प्रवासी यांचा हा संत, त्यामुळे बाजारपेठेची गावं वसायला लागली तिथे तिथे निकोलाई चर्च उभं राहिलं, लाइपझिगमधलं तुम्ही पाहिलं असेलच, १९८९ च्या पूर्व जर्मन सरकारविरुद्धच्या सोमवारच्या मोर्च्यांमुळे जगाला माहीत झालेलं, ते बाराव्या शतकातलं आहे. मग पोरांची नावंही धडाधड निकोलस ठेवली जाऊ लागली आणि एका गावात चार-पाच निकोलस झाले की रोजच्या बोलण्यात पूर्ण नाव कोण घेणार. आपल्याकडे एका पांडुरंगाचा पांडू, पांड्या, पांडबा, पांडोबा होतो तसंच. उत्तरेला समुद्राकडे क्लाउस आणि क्लास झालं, त्यातून क्लाउसन, क्लासन ही आडनावं आली. हॅनोवरच्या बाजूला क्लागेस. सायलेशियात (जुना जर्मन प्रदेश, आता बहुतेक पोलंडमध्ये) क्लोझे, फुटबॉलवाला क्लोझे आठवत असेल, तोही निकोलसच. मध्य जर्मनीत निकल. आणि सॅक्सनी, त्याच्या पूर्वेकडचा लाउझित्स, सायलेशिया, उत्तर बोहेमिया (आता चेकियात) या पट्ट्यात नित्शे, नित्झ्शे, नित्श्के वगैरे मंडळी.

(देवनागरीत ही नावं मी मुद्दाम वेगवेगळी लिहितोय, नाहीतर गोंधळ होईल. 'नीत्शे' म्हणजे आय-ई आणि टी-झेड दोन्ही असलेलं, तत्त्वज्ञाचं. 'नित्झ्शे' म्हणजे नुसता आय पण टी-झेड असलेलं. 'नित्शे' म्हणजे आयही एकटा आणि झेडही नाही. 'नित्श्के' म्हणजे शेवटी के-ई. पहिल्या तिन्हींचा उच्चार तिकडे जवळपास एकच, टी-झेड-एस-सी-एच या एवढ्या लवाजम्याचा सरळ 'च' होतो, म्हणजे साधारण 'नीचे'. मराठी माणसाला हे ऐकताना जरा कसंतरी होतं खरं, पण आजोबांना हाक मारताना बिनधास्त मारा, त्यांना काही वाटणार नाही.)

निकोलसचा 'निक' किंवा 'नित्स' होणं हे समजतं, पण शेवटचं '-शे' कुठून आलं? इथे खरी गंमत आहे. झाले आणि एल्ब या दोन नद्यांच्या मधला प्रदेश, म्हणजे आजचं लाइपझिग, ड्रेस्डेन, मायसेन, हा साधारण सहाव्या-सातव्या शतकापासून स्लाव्ह लोकांचा होता, त्यांना सोर्ब म्हणतात. ९२९ मध्ये जर्मन राजाने मायसेनला किल्ला बांधला, पुढे बाराव्या शतकात फ्रँकोनिया, थुरिंगिया आणि पार फ्लँडर्सकडून शेतकरी आणून वसवले गेले. तेव्हा शेजारी शेजारी दोन भाषा नांदत होत्या, लग्नं होत होती, आणि आडनावं पक्की होण्याचा काळ नेमका तोच, तेराव्यापासून पंधराव्या शतकापर्यंतचा. स्लाव्ह भाषांमध्ये माणसाचं नाव आखडून त्याला 'श' किंवा 'च' सारखा लाडाचा शेवट लावायची सवय आहे. निकोलसला तो शेवट लागला की नित्शे. योहानेसला लागला की येन्च, पेटरला लागला की पीच, हान्सला लागला की हान्च. ही सगळी आडनावं तुम्हाला लाइपझिगच्या दारांवरच्या पाट्यांवर दिसतील आणि बहुतेकांत तो टी-झेड-एस-सी-एच चा लवाजमा असेल.

पण म्हणून 'शेवट स्लाव्ह म्हणजे माणूस स्लाव्ह' असं धरून चालू नका. फ्रित्झ्शे हे आडनाव घ्या, ते फ्रीडरिशवरून आलंय, म्हणजे नाव अस्सल जर्मन आणि शेवट मात्र तोच स्लाव्ह धाटणीचा. दोनशे-तीनशे वर्षं शेजारी राहिल्यावर तो शेवट सगळ्यांचाच झाला होता, जर्मन आईसुद्धा आपल्या पोराला तसंच हाक मारत असणार. चौदाव्या शतकात, १३२७ च्या सुमारास, लाइपझिगच्या कोर्टात सोर्बियन बोलायला बंदी आली असं सांगितलं जातं, भाषा हळूहळू पूर्वेकडे लाउझित्सपर्यंत मागे सरकली (तिथे आजही साधारण साठ हजार सोर्ब लोक मानले जातात), पण गावांची आणि माणसांची नावं मागे राहिली. डेलिच, लॉइच, चोपाउ ही गावांची नावं बघा, सगळ्यांत तेच स्पेलिंग. क्रेच्मार हे आडनावही तसंच, ते गुत्तेवाल्याच्या स्लाव्ह शब्दावरून आलेलं. लॅटिन अक्षरांत 'च' लिहायला एक अक्षर नाही, मग कारकुनांनी सापडतील ती अक्षरं एकापुढे एक ठेवून दिली, त्याचा हा परिणाम.

आता दुर्मीळपणाकडे. जर्मनीत आडनावांची सरकारी मोजदाद अशी कुठे जाहीर होत नाही, नोंदणी कार्यालयं नावांच्या याद्या देत नाहीत, त्यामुळे या क्षेत्रातले सगळे आकडे येतात टेलिफोनच्या यादीतून. संशोधक जी यादी वापरतात ती ३० जून २००५ ची आहे, डॉइच टेलिकॉमचे घरगुती लँडलाइन, सुमारे २ कोटी ८० लाख जोडण्या आणि त्यांत साडेआठ लाखांच्या आसपास वेगवेगळी आडनावं. २००५ च का, तर त्यानंतर लोकांनी लँडलाइन काढून टाकायला सुरुवात केली आणि यादीला अर्थ राहिला नाही. याच डेटावर जर्मन आडनावांचा मोठा नकाशासंग्रह झाला आणि माइन्झच्या अकादमीत २०१२ पासून आडनावांचा ऑनलाइन कोश तयार होतोय, तो फुकट बघता येतो आणि सामान्य माणसाने सुरुवात तिथूनच करावी.

त्या यादीत सगळ्यात वरचं आडनाव म्युलर, अडीच लाखांच्या वर जोडण्या, म्हणजे एकूण यादीच्या एक टक्क्याला जरा कमी. एक जोडणी म्हणजे एक कुटुंब असं धरून लोकसंख्या काढायची तर ढोबळमानाने तीनच्या आतबाहेर गुणतात. नित्शे, नित्झ्शे, नित्श्के ही प्रत्येकी हजारांत मोजायची नावं, म्हणजे ओळखीची, पूर्वेकडच्या माणसाला शाळेत एखादा तरी नित्श्के भेटलेला असतोच. आणि आजोबांचं आय-ई वालं नीत्शे शेकड्यांत. म्हणून बेलवर ते नाव बघून तुम्ही दचकलात ते बरोबरच, पण ध्वनी तोच, मूळ तेच, पट्टा तोच, फक्त लिहिण्याची एक पद्धत कमी लोकांच्या वाट्याला आली.

ती कमी लोकांच्या वाट्याला का आली हे समजायला चर्चच्या वह्यांकडे यावं लागतं. प्रोटेस्टंट सॅक्सनीत बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी सोळाव्या शतकाच्या मध्यापासून ठेवल्या गेल्या, आणि पाद्रीबुवा कानाला ऐकू येईल तसं लिहायचे, माणसाला स्वतःला लिहिता येत नसेल तर तो दुरुस्त तरी कसं करणार. एकाच बापाची तीन पोरं तीन स्पेलिंगने नोंदलेली मिळतात, पाद्री बदलला की घराण्याचं स्पेलिंग बदलतं, बुवा सायलेशियाकडून आलेले असले तर झेड गळतो, स्थानिक असले तर परत चिकटतो. आय पुढे ई म्हणजे 'इ' लांब उच्चारायची खूण, ती लावायची की नाही हे त्या त्या हाताच्या मर्जीवर. हे सगळं कधी थांबलं? प्रशियात (तेव्हाचं सगळ्यात मोठं जर्मन राज्य) १ ऑक्टोबर १८७४ पासून आणि सगळ्या जर्मन साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पासून सरकारी नोंदणी कार्यालयं सुरू झाली, त्या दिवशी ज्याच्या कागदावर जे लिहिलेलं होतं ते जवळजवळ गोठलं. ज्यांच्याकडे आय-ई आणि टी-झेड दोन्ही एकत्र होतं ते नीत्शे झाले, उरलेले बाकीचे. म्हणजे दोन सख्ख्या चुलत घरांपैकी एक दुर्मीळ झालं आणि दुसरं हजारोंच्या गर्दीत गेलं असंही घडलंय. नंतर मर्जीने बदलायचं तर १९३८ चा नावबदलाचा कायदा आडवा येतो, ठोस कारणाशिवाय आडनाव बदलू देत नाहीत, त्यामुळे कुणी तत्त्वज्ञाच्या प्रेमापोटी स्वतःच्या नावात एक ई घुसवला असं सहसा होत नाही.

नकाशाबद्दल एक इशारा देतो कारण नवे लोक इथेच फसतात. ऑनलाइन मॅपवर तुम्ही नित्शे टाकाल तर बव्हेरिया, हेसन, र्‍हाइनलँड, सगळीकडे ठिपके दिसतील आणि वाटेल नाव सगळ्या जर्मनीचं आहे. तसं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्वेकडच्या प्रदेशांतून आणि चेकोस्लोव्हाकियातून सुमारे १ कोटी २० लाख जर्मन लोकांना घरदार सोडावं लागलं, सायलेशिया आणि उत्तर बोहेमियातले नित्शे तेव्हा पश्चिमेला फेकले गेले. २००५ चा नकाशा म्हणजे ही पळापळ झाल्यानंतरचा नकाशा. त्याआधीचं चित्र बघायचं तर मी पहिल्या महायुद्धाच्या जर्मन सैन्याच्या हानियाद्या वापरतो, मृत, जखमी, बेपत्ता, कैदी अशा सैनिकांच्या सुमारे ३१ हजार छापील पानांच्या याद्या आहेत, जवळपास ८५ लाख नोंदी, आणि जर्मनीतल्या संगणक-वंशावळ संघटनेच्या हौशी स्वयंसेवकांनी त्या सगळ्या हाताने टाइप करून सर्चेबल केल्यात, फुकट. हे काम म्हणजे खरंच कमाल आहे, एकेका पोराचं नाव आणि गाव. तिथे तुम्ही चारही स्पेलिंग टाकून बघा, नित्शे सायलेशियात दाट दिसेल, नित्झ्शे सॅक्सनीत, नित्श्के ब्रांडेनबुर्ग आणि लाउझित्सकडे, आणि आपलं नीत्शे सॅक्सनी आणि त्याला लागून असलेल्या प्रशियाच्या सॅक्सनी नावाच्याच प्रांतात विखुरलेलं. पोलंडच्या मुख्य भूमीकडे बोट दाखवणारं त्यात काही नाही.

म्हणजे पोलिश सरदाराच्या कथेवर आलो. ही कथा आजोबांनी बनवलेली नाही, ती खुद्द फ्रीडरिश नीत्शेची लाडकी कथा. एप्रिल १८८८ मध्ये डॅनिश समीक्षक गेओर्ग ब्रांडेस यांनी त्याच्याकडे माहिती मागितली, तेव्हा त्याने स्वतःच्या छोट्या परिचयात लिहिलं की माझे पूर्वज पोलिश सरदार, नाव नीत्स्की, आणि परदेशात लोक मला पोलिशच समजतात, या हिवाळ्यात फ्रान्समधल्या नीस गावच्या पाहुण्यांच्या यादीतसुद्धा माझी नोंद पोलिश म्हणून झाली. आपली मिशी आणि चेहरेपट्टी त्याला तशी वाटायची. घरात फिरणारी गोष्ट अशी की पूर्वज प्रोटेस्टंट होते, धर्मावरून छळ झाला म्हणून घर आणि सरदारकी दोन्ही सोडून पळाले. बहीण एलिझाबेथ हिने ती अजून रंगवली, तिच्या कथेत सॅक्सनीचा राज्यकर्ता ऑगस्ट, ज्याला 'बलदंड' म्हणतात तो, आणि पोलंडच्या गादीवरचं राजकारण येतं. हा बलदंड ऑगस्ट खरोखरच १६९७ मध्ये पोलंडचा राजा झाला होता आणि ड्रेस्डेनच्या दरबारात पोलिश मंडळींचा राबता होता, त्यामुळे सॅक्सनीत अशी गोष्ट कुणीही सांगितली तरी ऐकणाऱ्याला खरी वाटते.

पण नावाच्या बाजूने बघितलं तर ती टिकत नाही. पोलिश सरदारांची आडनावं गावाच्या किंवा जमिनीच्या नावावरून, '-स्की' किंवा '-त्स्की' शेवटाची. ती जर्मन तोंडात गेली की शेवट टिकून राहतो, स्पेलिंग तेवढं जर्मन होतं, रादेत्स्की, सावात्स्की, कामिन्स्की अशी ढीगभर उदाहरणं आहेत. नीत्स्की हे सॅक्सनीत आलं असतं तर ते नीत्स्कीच राहिलं असतं, फार तर शेवटचा आय जाऊन वाय आला असता. त्यातला 'क' गळून '-शे' व्हायला काही कारण नाही. उलट निकोलसपासून नीत्शेपर्यंतचा रस्ता त्याच भागातल्या शेकडो नावांनी तुडवलेला आहे.

आणि कागदाच्या बाजूने बघितलं तरी टिकत नाही. तत्त्वज्ञाचे वडील कार्ल लुडविग, जन्म १८१३ आयलेनबुर्ग, रोकेनचे पाद्री, १८४९ ला वारले. त्याचे आजोबा फ्रीडरिश ऑगस्ट लुडविग, १७५६ ते १८२६, आयलेनबुर्गला वरिष्ठ धर्माधिकारी. पणजोबा गॉटहेल्फ एंगेलबेर्ट, १७१४ ते १८०४, बिब्रा गावात जकातीचे अधिकारी. मला या पणजोबांची नोकरी फार आवडते, कारण शहरात येणाऱ्या मालावर लावलेला तो सरसकट कर त्याच ऑगस्टच्या राज्यात सुरू झाला होता. म्हणजे घराण्याचा बलदंड ऑगस्टशी संबंध होता खरा, पण बहिणीच्या कथेतली फितुरी, फाशीची शिक्षा आणि पलायन वगैरे नाही, सरकारी वसुलीचा. आईकडचे ओलर, तेही पाद्री, पोब्लेस गावचे. सुनांची माहेरंही सगळी जर्मन नावांची.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे बघायला हवी. हान्स फोन म्युलर नावाच्या अभ्यासकाने ही पोलिश कथा खोडून काढली, आणि पुढे तत्त्वज्ञाचे आईकडून भाऊ लागणारे माक्स ओलर, वायमारच्या नीत्शे संग्रहाचे प्रमुख, यांनी पूर्वजांची सविस्तर यादी काढून तेच सांगितलं. ओलर यांचं काम हिटलरच्या काळातलं, त्यांना नीत्शे शुद्ध जर्मन ठरवण्यात रस होता हे उघड आहे, तेव्हा प्रत्येक शाळामास्तरालासुद्धा आपण ज्यू वंशाचे नाही हे दाखवायला आजी-आजोबांचे बाप्तिस्म्याचे दाखले गोळा करून वंशाचं पुस्तक भरावं लागत होतं. म्हणून त्यांचा निष्कर्ष मी केवळ त्यांच्या शब्दावर घेणार नाही. पण दाखले काही १९३० च्या दशकात तयार झालेले नाहीत, ते अठराव्या शतकातल्या पाद्र्यांनी लिहिलेत आणि त्यांना पुढचं काही माहीत नव्हतं. युद्धानंतर नीत्शेचं सगळं लेखन नव्याने संपादित करणारे कोली आणि मोंतिनारी हे दोन इटालियन अभ्यासक, त्यांना जर्मन असण्या-नसण्याशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांनीही तो समज निराधारच ठरवला.

मला विचाराल तर नीत्शे अर्धा बरोबर होता. नावात स्लाव्ह आवाज आहेच. फक्त तो वॉर्साच्या दरबारातून नव्हे, मायसेन आणि लाइपझिगच्या आसपासच्या खेड्यांतून आलेला आहे, शेतकऱ्यांच्या आणि कसाई-विणकरांच्या ओसरीवरून. जर्मनांवर चिडलेल्या माणसाला सरदार व्हायचं होतं, शेतकरी होऊन त्याचं काम भागलं नसतं, हे माझं आपलं मत, पटलं तर घ्या.

आता घरमालक आजोबांच्या नात्याचं. फ्रीडरिश नीत्शेचं लग्न झालं नाही, मूलबाळ नाही. धाकटा भाऊ लुडविग योझेफ १८५० मध्ये दोन वर्षांचाही व्हायच्या आत गेला. बहीण एलिझाबेथने बेर्नहार्ड फ्योर्स्टरशी लग्न केलं, त्याच्याबरोबर पॅराग्वेत वसाहत वसवायला गेली, तिलाही मूल नाही, आणि नवरा मेल्यावर तिने फ्योर्स्टर-नीत्शे असं जोडआडनाव लावलं, इतकंच. म्हणजे त्या घरातून खाली कुणीच उतरलेलं नाही. आज जगात कुणीही 'मी तत्त्वज्ञाचा वंशज' म्हणत असेल तर तिथेच थांबवायचं. भाऊबंद असणं शक्य आहे, पण त्यासाठी आजोबांची पुरुषांची रेघ मागे मागे जाऊन बिब्राच्या त्या जकातवाल्याच्या किंवा त्याच्याही आधीच्या घराला मिळाली पाहिजे. आणि लक्षात घ्या, हे नाव एका माणसापासून सुरू झालेलं नाही. प्रत्येक गावातल्या प्रत्येक निकोलसपासून स्वतंत्र सुरू झालेलं आहे, त्यामुळे स्पेलिंग जुळलं म्हणजे रक्त जुळलं असं मुळीच नाही. उलट आजोबांचं खरं चुलत घराणं आज नित्झ्शे लिहीत असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

शोधायचं असेल तर तुम्ही नेमक्या योग्य शहरात आहात. वंशावळींची जर्मन मध्यवर्ती संस्था १९०४ मध्ये लाइपझिगलाच स्थापन झाली, तिचा संग्रह आता तिथल्या राज्य अभिलेखागारात आहे. लाइपझिग युनिव्हर्सिटीत नावांच्या अभ्यासाची जुनी परंपरा आहे आणि नावाबद्दल सल्ला देणारं केंद्रही. पण त्याआधी आजोबांना चहाला बोलवा आणि सरदारांबद्दल काही विचारू नका, विचारा फक्त त्यांचे स्वतःचे आजोबा कुठल्या गावात जन्मले आणि त्यांचा धंदा काय होता. गाव कळलं की अर्धं काम झालं, गाव नसेल तर कितीही डेटाबेस चाळा, हाती काही लागत नाही. घरात १९३३ ते १९४५ मधली वंशाची ती छोटी पुस्तिका निघाली तर उत्तमच, तिचा उद्देश घाणेरडा होता पण त्यात तीन-चार पिढ्यांच्या तारखा आणि गावं शिक्क्यासकट असतात, आणि सॅक्सनीत बऱ्याच घरांच्या कपाटात ती अजून पडून आहे.

तिथून मागे १८७६ पर्यंत नोंदणी कार्यालयाचे कागद (गाव प्रशियन भागात असेल तर १८७४ पर्यंत), त्याच्यामागे चर्चच्या वह्या. प्रोटेस्टंट चर्चच्या वह्यांचं पैसे भरून बघायचं ऑनलाइन पोर्टल २०१५ पासून आहे, महिन्याचं सबस्क्रिप्शन घेता येतं. अडचण अक्षराची. सगळं जुन्या कुरेंट हातवळणात, त्यात 'ई' आणि 'एन' सारखेच दिसतात, आणि नीत्शे शोधताना तुम्ही निक, निकिश, नित्श, नीत्श अशा सगळ्या भावंडांकडे नजर ठेवायला हवी, नाहीतर समोर असलेलं नाव डोळ्यांखालून निघून जातं. जन्माच्या तारखेपेक्षा धंदा आणि साक्षीदारांची नावं जास्त उपयोगी पडतात, बाप्तिस्म्याला उभे राहणारे लोक बहुतेक नात्यातले असतात, त्यांच्यावरून तुटलेली रेघ जोडता येते.

आणि एक नवीन गोष्ट, १ मे २०२५ पासून जर्मनीचा नावांचा कायदा बदललाय, नवरा-बायको दोघांना मिळून जोडआडनाव घेता येतं, मुलांनाही देता येतं, आणि सोर्ब बायकांना आपल्या भाषेप्रमाणे आडनावाचा स्त्रीलिंगी शेवट लावायचीही मुभा मिळाली. म्हणजे टेलिफोन यादीवर आधारलेले सगळे आकडे पुढच्या पिढीत अजूनच जुने होणार.

कागद मागवताना एवढं सांभाळा: जन्माच्या नोंदी ११० वर्षं, लग्नाच्या ८० आणि मृत्यूच्या ३० वर्षं बंद असतात, तोपर्यंत त्या मुख्यतः ती व्यक्ती, नवरा-बायको आणि सरळ रेषेतले पूर्वज-वंशज यांनाच मिळतात, भाडेकरूला कुणी उभं करणार नाही. तेव्हा अर्ज आजोबांच्या सहीने जाऊ दे, सोबत त्यांच्या ओळखपत्राची कॉपी आणि त्यांच्या वडिलांच्या जन्मदाखल्याची कॉपी लावा, म्हणजे नातं सिद्ध करायला परत पत्रव्यवहार नको. ११० वर्षांपेक्षा जुनी नोंद असेल तर ती बहुतेक शहराच्या अभिलेखागारात गेलेली असते, तिथे तुम्ही स्वतः गेलात तरी चालतं.